सिमेंटचं एक पोतं, सोळा फरमे माती: कागेरातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण टांझानियाच्या वायव्य टोकाला, कागेरा प्रांतातल्या एका डोंगराळ गावात २०१८ साली घडलं. घर बांधणारं जोडपं जळगाव जिल्ह्यातलं. त्यांच्या सांगण्यावरून नावं, गाव आणि संस्था गाळली आहेत. त्यांना मी इथे भाऊ आणि वहिनी म्हणतो, प्रत्यक्षातही तसंच म्हणतो. मी लातूरचा स्थापत्य अभियंता. या कामात माझा भाग फोनवरून सल्ला देण्याचा होता, आणि मध्ये बारा दिवस मी तिथे जाऊन राहिलो. झालेल्या चुकांपैकी निदान दोन माझ्या आहेत. त्या जागच्या जागी सांगतो.

पार्श्वभूमी

भाऊ केळीचे जाणकार. कागेरा हा केळीचाच मुलूख. तिथे केळं हे रोजचं जेवण आहे, घराभोवती केळीची बाग आणि तिच्यातच कॉफी. २००६ च्या सुमारास या बागांत केळीचा जिवाणूजन्य मर रोग शिरला आणि खोडंच्या खोडं सडली. रोगमुक्त रोपं, कोयता निर्जंतुक करायची सवय, बागेची स्वच्छता अशा कामासाठी एका स्थानिक संस्थेने भाऊंना बोलावलं. आधी वर्षभर ते बुकोबा शहरात भाड्याने राहिले. रोज खडबडीत रस्त्याने जाऊन-येऊन कंटाळले, तेव्हा संस्थेच्या शेतावरच घर बांधायचं ठरलं.

जमिनीचा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवला, हे फार बरं झालं. टांझानियात सगळी जमीन सार्वजनिक मानली जाते आणि राष्ट्राध्यक्ष तिचे विश्वस्त असतात. १९९९ चा जमीन कायदा आणि त्याच वर्षीचा ग्रामजमीन कायदा यांच्यामुळे परदेशी माणसाला, मान्य गुंतवणुकीचं कारण असल्याशिवाय, जमीन स्वतःच्या नावे धरता येत नाही. गावातले काहीजण प्रेमाने म्हणत होते, माझ्या नावावर घ्या, कागद करून टाकू. वहिनींनी त्याला ठाम नकार दिला. घर संस्थेच्या जमिनीवर, संस्थेच्या मालकीचं, कर्मचारी निवास म्हणून बांधायचं. साहित्याचा खर्च निम्मा-निम्मा, आणि भाऊंची नोकरी असेपर्यंत राहायचा हक्क लेखी. ग्रामपरिषदेला तसं कळवलं. परदेशात घर बांधायला निघालेली माणसं विटांपासून सुरुवात करतात आणि ही बाजू शेवटी बघतात. त्यात भाबडेपणाने आयुष्याची पुंजी गेलेली मी पाहिली आहे.

अडचण

१० सप्टेंबर २०१६ ला दुपारी कागेरात ५.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्यात मातीच्या सांध्यात रचलेल्या भाजक्या विटांची घरं मोठ्या संख्येने पडली किंवा फाटली. दोन वर्षांनंतरही गावात कोपरा उघडा पडलेली घरं दिसत होती. मी फोटो मागवले. ते पाहिल्यावर मला दुसरं काही सुचेना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले असताना, किल्लारीत जे झालं ते आमच्या घरात अजून बोललं जातं. आमच्याकडे दगड-मातीची जाड भिंत आणि वर मातीचं जड माळवद होतं. इथे पत्रा हलका होता, म्हणून जीवितहानी तुलनेने कमी. भिंत फाटायची रीत मात्र तीच: कोपऱ्यात सांधामोड नाही, म्हणजे थर एकमेकांत अडकवलेले नाहीत, आणि भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नाही.

म्हणजे घर भूकंपात टिकणारं हवं. पैसे बेताचे. आणि गवंडी नाहीत. गावातले जे दोघे-तिघे कसलेले होते, ते भूकंपानंतरच्या बांधकामांच्या ओढीने शहराकडे गेले होते. उरलेले सगळे शेतकरी, बाया आणि नुकती शाळा सोडलेली तरुण मुलं. स्वाहिलीत कसबी कारागिराला ‘फुंडी’ म्हणतात आणि रोजंदारीवरच्या माणसाला ‘किबारुआ’. आपल्याकडचा गवंडी आणि बिगारी, तोच फरक, तीच मजुरीतली दरी.

पर्याय

पहिला पर्याय भाजक्या विटांचा. गावात भट्टी लागायची, लोकांना ते काम माहीत होतं. पण एका भट्टीला लागणारं लाकूड पाहून भाऊंचं मन होईना. वीटही ओबडधोबड, म्हणजे सांध्यात जाड मसाला आणि तो भरायला कसलेला हात हवा.

दुसरा पर्याय सिमेंटच्या ठोकळ्यांचा. वाळू आणि खडी लांबून आणावी लागणार, शेवटचा चढ ट्रक चढत नाही.

तिसरा पर्याय शहरातल्या ठेकेदाराला सगळं देऊन टाकायचा. त्याचा आकडा ऐकून तो पर्याय तिथेच संपला. तिथे रक्कम ‘लाकी’त सांगतात, लाकी म्हणजे आपला लाखच, त्यामुळे समजायला भाषांतर लागलं नाही.

चौथा पर्याय मी सुचवला: मातीत थोडं सिमेंट मिसळून हातयंत्रात दाबलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या विटा. हातदाबाच्या यंत्राची ही कल्पना १९५० च्या दशकात कोलंबियात पुढे आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि ऑरोविलमध्ये तिच्यावर खूप काम झालं. टांझानियातही दार-ए-सलामची सरकारी बांधकाम संशोधन संस्था अशा विटांचा पुरस्कार करते. वीट ३०० बाय १५० बाय १०० मिलिमीटर. वरच्या अंगाला उंचवटा, खालच्या अंगाला खाच, आणि उभी भोकं, ज्यांतून सळई खाली सोडून पातळ सिमेंट ओतता येतं. भिंत जवळजवळ कोरडीच रचायची. थापी चालवायचं कसब कमी लागतं, आणि भूकंपासाठी हवी असलेली उभी सळई आपसूक बसते. माती तर पायाखालीच, तांबडी, लोहयुक्त, कोकणातल्या जांभ्याच्या जातकुळीची.

या पर्यायाचा तोटा मी तेव्हा पुरेसा सांगितला नाही, ही माझी पहिली चूक. रचताना कसब कमी लागतं कारण ते सगळं वीट पाडताना लागतं. एक वीट तीन मिलिमीटर उंच निघाली की सातव्या थराला भिंत डुलायला लागते, आणि ते लपवायला मसाला नसतो.

पहिले तीन आठवडे

जूनमध्ये, पावसाळा सरल्यावर, काम सुरू झालं. तिथे पाऊस दोनदा: मार्च ते मे मोठा, त्याला ‘मसिका’ म्हणतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा ‘वुली’. मधल्या कोरड्या महिन्यांत विटा पाडून, भिंत चढवून, पत्रा टाकायचा असा बेत.

पहिल्याच दिवशी कोणी आलं नाही. भाऊंनी आदल्या संध्याकाळी नीट सांगितलं होतं: उद्या ‘सा नाने’, आठ वाजता. माणसं आली दुपारी दोनला, अकराच्या अकरा, हसत. भाऊंनी मला रात्री फोनवर सांगितलं, इथल्या लोकांना वेळेची किंमत नाही. खरं तर लोक मिनिटभरही उशिरा आले नव्हते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा, आणि आठवा तास म्हणजे दुपारचे दोन. वर्षभर शहरात इंग्रजीवर निभावलेल्या भाऊंना हे ठाऊक नव्हतं. वहिनींनी बाजारातल्या बाईकडून ते शिकून घेतलं आणि भाऊंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. हा प्रसंग मी मुद्दाम लिहितोय, कारण त्या एका दिवसात भाऊंच्या वहीत अकरा माणसांच्या नावापुढे ‘आळशी’ असा शेरा पडला होता. तो खोडायला आठवडा लागला.

मग विटा. माती मोजायला सिमेंटच्या एका पोत्याएवढ्या मापाचा, बुडाशिवायचा लाकडी फरमा केला. प्रमाण ठरवायला मातीची आक्रसण्याची चाचणी घेतली: साठ सेंटिमीटर लांबीच्या पेटीत ओली माती भरून सावलीत वाळवली, ती सुमारे दोन सेंटिमीटर आक्रसली. त्यावरून एका पोत्याला सोळा फरमे माती. भाऊंनी एकदा सगळं करून दाखवलं आणि ते शेतावर गेले. आठवड्यात ५४० विटा पडल्या. दिसायला उत्तम, तांबूस, कडा धारदार.

मी सांगितलं होतं, दर ढिगातून काही विटा रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी बादलीत कुठे वीट होती, कुठे चिखल. म्हणून सगळेच ढीग असे तपासले आणि २१० विटा बाद धराव्या लागल्या.

कारण कुणालाच उमगेना. मी आपला मातीत चिकणमाती जास्त आहे, खणायची जागा बदला, असं फोनवरून सांगत बसलो. ही माझी दुसरी चूक. कारण सापडलं ते पाणी वाहणाऱ्या एका चाळिशीतल्या बाईला. तिकडेही बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, अमक्याची आई, तसं. तिला मी पाणीवाली बाई म्हणतो. तिने वहिनींना हाताला धरून ढिगांपाशी नेलं आणि दाखवलं की विरघळलेल्या विटा दर ढिगाच्या शेवटच्या रांगांतल्या आहेत. पोतं सकाळी एकदम फोडून सगळी माती कालवली जायची आणि ती दुपारपर्यंत पुरवली जायची. ओलं सिमेंट तासाभरातच धरायला लागतं. दुपारच्या विटांत ते आधीच मेलेलं होतं. बाईला सिमेंटची रसायनं माहीत नव्हती, पण पाणी कधी मागितलं गेलं आणि कधी नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

उपाय साधा: चार-चार फरम्यांचा छोटा घाणा, त्याला पाव पोतं, आणि तो संपल्याशिवाय दुसरा कालवायचा नाही.

मजुरीचा निर्णय

माझ्या मते या प्रकरणातलं खरं वळण हे आहे.

विटा चांगल्या पडायला लागल्या, पण दिवसाला १२०-१३०. घराला ३,८०० लागणार होत्या. वुली येऊन ठेपेल या धास्तीने भाऊंनी रोज बंद केला आणि नगावर मजुरी सुरू केली. दुसऱ्याच दिवशी ४०० विटा. भाऊ खूश, मीही खूश. चार दिवसांनी मी तिथे पोचलो, एन्टेबेला उतरून मुतुकुलाच्या सीमेवरून, आणि पहिली गोष्ट म्हणजे मापकाठी लावली. विटांची उंची हवी होती १०० मिलिमीटर, निघाली ९६, १०४, ९९, १०३. यंत्राची पेटी घाईत कमी-जास्त भरली जात होती. कमी भरली की वीट पोकळ, जास्त भरली की दांडा पूर्ण खाली येत नाही. जोर लावून दांडा दाबताना तो उसळला आणि एका मुलाची दोन बोटं चेपली. हाड मोडलं नाही. दवाखान्याचा खर्च आणि त्या दिवसांचा रोज भाऊंनी दिला. पण तो मुलगा त्यानंतर यंत्राजवळ आला नाही.

त्या रात्री आम्ही तिघं कंदिलाच्या उजेडात हिशोब घेऊन बसलो. हिशोबाला तिकडे ‘हेसाबू’ म्हणतात. भाऊंचं म्हणणं, नगावर ठेवू पण वाईट विटांचे पैसे कापू. वहिनींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो: “भाऊसाहेब, यांनी घाई केली कारण आपण घाईचे पैसे दिले. आता कापले तर आपल्याच चुकीचा दंड यांच्या खिशातून जाईल.”

शेवटी ठरलं ते असं. रोज पुन्हा सुरू, सगळ्यांना सारखा. त्यावर, सात दिवस झाकून पाणी मारून झालेल्या आणि मापात बसलेल्या विटांवर बक्षीस, पण ते एकट्याला नाही, सगळ्या टोळीला वाटून. वीट पास-नापास करायचं काम पाणीवाल्या बाईकडे आणि आणखी एकीकडे. मापाला लाकडाचा एक खाचेचा ठोकळा दिला: वीट खाचेत शिरली नाही तर उंच, हलली तर बुटकी. वाचायचं काही नाही, आकडा नाही. पेटीत माती मापात पडावी म्हणून पत्र्याचा एक डबा कापून दिला. दोन आठवड्यांत टोळी २६०-२८० वर स्थिरावली, बाद विटा शंभरात तीन-चार.

पुरुषांनी बाईच्या हातून वीट नापास होणं सुरुवातीला सहज घेतलं नाही. दोघे दोन दिवस आले नाहीत. वहिनी त्यांच्या घरी गेल्या, बसल्या, केळी खाल्ली, आणि कामाचा विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी ते आले.

भिंत चढताना

माझ्या बारा दिवसांतले पाच मी फक्त सरावाच्या भिंतीवर घालवले. मीटरभर उंच कोपरा रचायचा, ओळंबा लावायचा, पाडायचा, पुन्हा रचायचा. लातूर भागात भूकंपानंतर गावोगाव नमुन्याच्या खोल्या बांधून माणसं तयार केली गेली होती, ती पद्धत डोक्यात होती. चौथ्यांदा पाडायला सांगितलं तेव्हा टोळीतला एक पोरगा रागाने निघून गेला आणि संध्याकाळी त्याने एकट्याने तो कोपरा पुन्हा उभा केला. पुढे मुख्य घराचे चारही कोपरे त्यानेच रचले.

काटकोनासाठी बारा गाठींची दोरी, तीन-चार-पाचचा त्रिकोण. पातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी. थरांसाठी प्रत्येक कोपऱ्यात दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा केलेली काठी, सत्तावीस खुणा म्हणजे भिंत पूर्ण. जोत्यावर, खिडकीच्या बुडाशी, लिंटेलला म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, आणि भिंतीच्या माथ्यावर सळईचे पट्टे. छपराखालची त्रिकोणी भिंत विटांची चढवायची नाही, तिथे पत्राच, कारण भूकंपात ती आधी कोसळते. पट्ट्याच्या सळयांचा कोपऱ्यातला वळसा मात्र मी कुणावर सोडला नाही. वाकवलेली प्रत्येक सळई स्वतः पाहिली, मी निघाल्यावर वहिनींनी फोटो पाठवले आणि होकार आल्याशिवाय काँक्रीट पडलं नाही. छपराच्या कैच्यांसाठी तेवढा शहरातून एक सुतार आणला.

ऑगस्टमध्ये गावात एक म्हातारे गृहस्थ वारले आणि तीन दिवस काम थांबलं. मयताला सगळं गाव जातं, त्याला ‘म्सीबा’ म्हणतात. आमच्या वेळापत्रकात त्याला जागा नव्हती. पहिल्या दिवशी भाऊंची चिडचिड झाली. दुसऱ्या दिवशी दोघंही तिथे जाऊन बसले. त्यानंतर कामावरची बोलण्याची तऱ्हाच बदलली, असं वहिनी सांगतात. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत, म्हणजे आई. त्या तरुण बायांना ‘दादा’ म्हणत, कारण स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. आणि कोपरे रचणारा पोरगा झाला ‘काका’, म्हणजे भाऊ. घरी फोनवर हे ऐकवलं की जळगावला हसू आवरत नसे.

परिणाम

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पत्रा चढला, पहिल्या मोठ्या पावसाच्या चार दिवस आधी. डिसेंबरात ते राहायला गेले. ठेकेदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त खर्चात घर झालं. वेळ मात्र धरलेल्या तीन महिन्यांऐवजी सहा. भिंती उभ्या आहेत, ओळंब्यात आहेत, पावसाच्या बाजूला झिजलेल्या नाहीत. त्याला मातीइतकंच रुंद वळचणीचं श्रेय आहे.

कोपरे रचणाऱ्या मुलाला पुढे शेजारच्या गावात फुंडी म्हणून, फुंडीच्या मजुरीवर, काम मिळालं. पाणीवाल्या बाईने यंत्र भाड्याने मागून स्वतःच्या स्वयंपाकघराच्या विटा पाडल्या. बाद झालेल्या विटांतल्या धडक्या तिनेच मागून नेल्या होत्या, त्या चुलीच्या ओट्याला लावल्या. बोटं चेपलेल्या मुलाचं काय झालं हे भाऊंनी मला सांगितलं, तो शेतीतच आहे आणि बोटं वळतात. तरी ती दुखापत टाळता आली असती, आणि तिची जबाबदारी नगावर मजुरी लावणाऱ्यांची आणि ती ऐकून खूश होणाऱ्या माझी आहे.

आज करायचं तर

मी आधी जाईन. पहिल्या विटेला तिथे हजर असेन, चौथ्या आठवड्यात नाही. बारा दिवस तेवढेच, पण सुरुवातीचे.

कामाला लावण्यापूर्वी गावाची शेतीची पंचांगं विचारीन. सप्टेंबरात घेवड्याच्या पेरणीला अर्धी टोळी गेली, ते कुणी लपवलं नव्हतं. आम्ही विचारलंच नाही.

विटा झाकायच्या मांडवासाठी आम्ही घराचेच पत्रे आगाऊ घेऊन वापरले आणि पैसे वाचवले असं समजलो. मांडवाच्या खिळ्यांची भोकं छपरावर आली. डांबर भरूनही दोन खोल्यांत अजून थेंब पडतो. मांडवाला केळीची वाळलेली पानं आणि प्लॅस्टिक पुरलं असतं.

सळयांच्या भोकांत ओतायचं सिमेंट दर चार-पाच थरांनंतर ओतावं. आम्ही मध्ये एकदा नऊ थर वाट पाहिली, मिश्रणही घट्ट झालं. २०१९ च्या जानेवारीत भाऊंनी कोपरे लाकडाने ठोकून पाहिले. पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांत, खिडकीच्या बुडापासून हातभर उंचीपर्यंत, आवाज पोकळ येतो. मी त्यांना बाजूने तिरपं भोक पाडून पातळ मिश्रण ओतायची रीत चित्र काढून पाठवली आहे. पश्चिमेकडचा एक कोपरा त्यांनी सरावासाठी आधी उघडून पाहिला, तो भरलेला निघाला. पूर्वेकडचे दोन काकाने स्वतः येऊन भरायचे आहेत, त्याचं शेजारच्या गावातलं काम संपलं की.